घर निवडावे पायी चालून

मध्यम उत्पन्नाचे कुटुंब आयुष्यभराची पुंजी घालून सहसा एकदाच घर घेते. खोल्या किती, क्षेत्रफळ किती, दर काय आणि मासिक हप्ता किती, याची चौकशी त्या वेळी बारकाईने केली जाते. परंतु घराचा उंबरठा ओलांडल्यावर दूध, भाजी, शाळा, दवाखाना, बँक आणि रेल्वे स्थानक येथवर पायी व निर्धोकपणे जाता येते की नाही, हा प्रश्न बहुधा नव्या घरी सामान लावून झाल्यावरच पुढे येतो. तोवर निर्णय झालेला असतो, आणि त्याचे परिणाम घरातील मुले, वृद्ध व स्त्रिया यांना दररोज सोसावे लागतात. ज्यांच्याकडे वाहन नाही, किंवा ज्यांना ते चालविता येत नाही, अशा सर्वांच्या दृष्टीने वस्तीचे पायी चालण्याजोगे असणे हे घराच्या छपराइतकेच महत्त्वाचे असते.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ अशा खोऱ्यांत विभागलेला हा डोंगराळ प्रदेश भातशेतीचा म्हणून ओळखला जातो. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांची वाढ जसजशी पश्चिमेकडे सरकली, तसतशी तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत आणि लोणावळा या गावांभोवती नवी निवासी संकुले उभी राहिली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना २०१५ मध्ये झाली; तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या वडगाव येथे २०१८ मध्ये नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. गावाचे नगर होत असताना येथे घर घेऊ इच्छिणाऱ्यांनी कोणत्या बाबी पारखून घ्याव्यात, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

दोन वाटांनी घडविलेला तालुका

मावळची आजची वस्ती समजून घ्यावयाची तर तिला घडविणाऱ्या दोन वाटा आधी पाहाव्या लागतात. पहिली वाट लोहमार्गाची. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. बोरघाटाचे काम मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाले. मधल्या पाच वर्षांत प्रवासी घाटाचा टप्पा पालखीतून वा तट्टावरून ओलांडीत. पुढे १९७८ मध्ये पुणे-लोणावळा उपनगरी गाड्या सुरू झाल्या आणि तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली व लोणावळा ही स्थानके रोजच्या नोकरीच्या व शिक्षणाच्या प्रवासाशी जोडली गेली. रेल्वेने येणारा प्रवासी स्थानकावर उतरून पायीच घरी जात असे. त्यामुळे स्थानकाभोवतीचा बाजार, दवाखाने व शाळा एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर वाढत गेल्या.

दुसरी वाट रस्त्याची. मुंबई-पुणे हा जुना महामार्ग, जो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जाई आणि आता क्रमांक ४८ चा भाग आहे, तो या सर्व गावांच्या अंगाने जातो. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग संपूर्णपणे खुला झाला. या मार्गावर पादचारी, दुचाकी व तीनचाकी वाहने यांना प्रवेश नाही. त्यामुळे दुचाकीस्वार, रिक्षा, ट्रॅक्टर, शाळेची मुले आणि पायी जाणारे ग्रामस्थ या सर्वांचा भार जुन्या महामार्गावरच राहिला, आणि शेजारून जाणाऱ्या मालमोटारी व प्रवासी मोटारींचा वेगही कायम राहिला. वस्ती एका अंगास आणि शाळा किंवा बाजार दुसऱ्या अंगास, अशी स्थिती जेथे निर्माण झाली तेथे रस्त्याने गावे जोडली खरी, पण गावाचे दोन भाग एकमेकांपासून तोडले.

पहिली कसोटी : रस्ता ओलांडावा लागतो काय?

घराची पाहणी करताना सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा : रोजच्या पाच कामांपैकी किती कामांसाठी महामार्ग, मालवाहतुकीचा रस्ता किंवा लोहमार्ग ओलांडावा लागेल? शाळा, किराणा व भाजी, दवाखाना, बँक वा टपाल कार्यालय, आणि बस अथवा रेल्वे स्थानक, ही ती पाच कामे होत.

या प्रश्नाचे महत्त्व थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. सशक्त प्रौढ व्यक्ती सेकंदास सुमारे १.२ मीटर चालते. वृद्ध व्यक्तीची चाल सुमारे ०.८ मीटर इतकी मंद असू शकते. चार पदरी रस्त्याची रुंदी १४ मीटर धरली, तर तो ओलांडण्यास प्रौढास १२ सेकंद आणि वृद्धास साडेसतरा सेकंद लागतील. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदास सुमारे २२ मीटर अंतर कापते. म्हणजेच वृद्धाने पाऊल टाकले त्या क्षणी वाहन किमान ३९० मीटर दूर असले, तरच तो निर्धोक पलीकडे पोहोचेल. वळणावर, पावसात किंवा अंधारात एवढ्या अंतरावरील वाहनाचा वेग अचूक ओळखणे कोणासही कठीण. मध्ये उभे राहण्यासारखा रुंद दुभाजक असेल, तर हेच अंतर निम्म्यावर येते. दुभाजक, वाहतूक दिवे, पादचारी पूल वा भुयारी मार्ग यांची उपयुक्तता अशी मोजता येण्यासारखी आहे.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ दर पाचांत एक. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. म्हणूनच पादचारी व वाहने जेथे एकत्र वावरतात अशा रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे आवाहन २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात करण्यात आले. निवासी रस्त्यावर गतिरोधक, अरुंद वळणे व झाडे असणे हे वाहनचालकास अडचणीचे वाटत असले, तरी राहणाऱ्यास ते उपकारकच असते.

गावठाण, स्टेशन भाग आणि नवी संकुले

तळेगाव दाभाडे या नगराचे गाव भाग आणि स्टेशन भाग असे दोन ठळक विभाग आहेत. ग्रामदैवत डोळसनाथाचे मंदिर, तळे, जुनी बाजारपेठ हे सर्व गाव भागात. तर लोहमार्गाच्या आश्रयाने वाढलेली वस्ती स्टेशन भागात. दोन्ही ठिकाणी दुकाने, शाळा व दवाखाने एकमेकांच्या निकट असल्याने घरातील वडीलधाऱ्यांना स्वतंत्रपणे वावरता येते. तथापि तळेगाव-चाकण मार्गावरून औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची सतत वर्दळ असते. घर या मार्गाच्या कोणत्या बाजूस आहे आणि मुलांची शाळा कोणत्या बाजूस, हे पाहिल्याखेरीज केवळ "तळेगावात घर" एवढ्यावर समाधान मानू नये.

वडगावात तहसील कार्यालय, पंचायत समिती व न्यायालय असल्याने कार्यालयीन कामे हाताशी आहेत. पोटोबा महाराजांच्या मंदिराभोवतीचे जुने गाव आजही पायी फिरण्याजोगे आहे. मात्र एका अंगास जुना महामार्ग आणि दुसऱ्या अंगास लोहमार्ग असल्याने गावाबाहेर वाढणाऱ्या संकुलांना यांपैकी एक तरी ओलांडावाच लागतो. कामशेत ही नाणे व पवन मावळातील गावांची बाजारपेठ. तेथे स्थानक व बाजार जवळ असले, तरी महामार्ग, लोहमार्ग आणि इंद्रायणी नदी यांनी वस्तीच्या वाढीस मर्यादा घातली आहे.

लोणावळ्याचे स्वरूप निराळे. स्थानक, बाजारपेठ व गावठाण यांमध्ये राहणाऱ्यास बहुतेक गरजा पायी भागविता येतात. भांगरवाडी आणि नांगरगाव यांच्यामध्ये मात्र लोहमार्ग आहे. अशा ठिकाणी फाटक बंद असताना किती वेळ थांबावे लागते, हे स्वतः उभे राहून पाहावे. दुसरी बाब अधिक विचार करण्यासारखी आहे. तुंगार्ली व आसपासच्या भागांतील अनेक बंगले मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची सुटीतील घरे आहेत. शनिवार-रविवारी तेथे दिवे लागतात आणि मोटारींची रांग लागते. सोमवारपासून दारे बंद. रस्ता रुंद, झाडी दाट, हवा उत्तम. पण हाकेला ओ देणारा शेजारी नसेल, तर कायम राहणाऱ्या कुटुंबास, विशेषतः एकट्या वृद्ध दांपत्यास, ती वस्ती सुरक्षित वाटणार नाही. अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हेच सूत्र मांडले होते : रस्त्याची राखण मुख्यत्वे त्यावर वावरणाऱ्या व त्याकडे पाहणाऱ्या माणसांमुळे होते. आपल्याकडील ओटा, पायरी आणि कोपऱ्यावरचे किराणा दुकान हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

पावसाची परीक्षा

मावळात घर घ्यावयाचे तर ते पावसाळ्यात पाहावे, असा जुन्या जाणत्यांचा सल्ला आहे आणि तो सर्वस्वी योग्य आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वेस तळेगावाकडे येताना हे प्रमाण झपाट्याने कमी होते. मे महिन्यात कोरडी आणि प्रशस्त दिसणारी वाट जुलैमध्ये ओढा होऊ शकते. लोहमार्ग वा द्रुतगती मार्गाखालील भुयारी वाटेत पाणी साचले, तर पलीकडच्या शाळेचा रस्ताच बंद होतो. गटारावरील फरश्या निघालेल्या असतील, तर गढूळ पाण्याखाली त्या जागा दिसत नाहीत.

नदीकाठच्या भूखंडाबाबत पूररेषेची चौकशी अपरिहार्य आहे. जलसंपदा विभाग निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतो. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखविते, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषा. नदीपात्र ते निळी रेषा या पट्ट्यात बांधकामास मनाई असते; दोन रेषांमधील पट्ट्यात ते निर्बंधांसह होऊ शकते. इंद्रायणी व पवना या नद्यांच्या काठी घर पाहणाऱ्याने आपला भूखंड या रेषांच्या कोणत्या बाजूस येतो, ते लेखी पाहून घ्यावे.

डोंगरउताराची बाबही तितकीच गंभीर. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी कोसळलेल्या दरडीने दीडशेहून अधिक जणांचे प्राण घेतले. जिल्हा प्रशासनाकडे दरडप्रवण ठिकाणांची माहिती असते; ती अवश्य पाहावी. उतार कापून उभारलेल्या इमारतीमागे संरक्षक भिंत आहे काय, तिच्यातून पाणी झिरपून जाण्यास वाट ठेवली आहे काय, आणि वरच्या अंगास झाडी शिल्लक आहे की नुकतीच खोदाई झाली आहे, हे पाहण्यास तांत्रिक ज्ञानाची फारशी गरज नाही.

पर्यटनाचा ताण हा येथील पावसाळ्याचाच एक भाग आहे. इंद्रायणीवरील कुंडमळा येथील जुना, अरुंद लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि ४ जणांचा मृत्यू झाला. पायवाटेवरील पूल, साकव व कठडे यांची स्थिती कशी आहे आणि सुटीच्या दिवशी त्यांच्यावर किती भार पडतो, ही चौकशी वस्तीच्या सुरक्षिततेशी थेट निगडित आहे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

दिवेलागणीनंतर

एखादी वाट दिवसा जितकी सोयीची, तितकीच ती रात्री असेल असे नाही. पुण्याहून उशिराच्या गाडीने परतणाऱ्या नोकरदार स्त्रीच्या दृष्टीने स्थानक ते घर हा टप्पाच निर्णायक ठरतो. या टप्प्यात पथदिवे किती अंतरावर आहेत व त्यांपैकी प्रत्यक्ष किती पेटतात, दोन्ही बाजूंस राहती घरे आहेत की उंच कुंपणभिंती, एखादे औषधाचे दुकान वा उपाहारगृह उशिरापर्यंत उघडे असते काय, रिक्षा मिळते काय आणि मोकाट कुत्र्यांचा उपद्रव कितपत आहे, हे त्याच वेळी जाऊन पाहावे. रेल्वेचे चालू वेळापत्रक जवळ ठेवून आपल्या कामाच्या वेळेशी ते ताडून घ्यावे. दुपारच्या वेळी या मार्गावरील उपनगरी फेऱ्या विरळ असतात.

पोलीस हद्दीची माहितीही उपयोगी पडते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले व तळेगाव दाभाडे त्याच्या कक्षेत गेले. वडगाव, कामशेत आणि लोणावळा ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत आहेत. आपले ठाणे कोणते व ते किती दूर, हे आधीच ठाऊक असावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावेत.

पाहणी कशी करावी?

घर दाखविणारा मध्यस्थ सामान्यतः मोटारीतून नेतो आणि प्रवेशद्वाराशी उतरवितो. अशा पाहणीतून वस्ती समजत नाही. कुटुंबाने निदान चार वेळा, स्वतंत्रपणे आणि पायी ती पाहावी : कामाच्या दिवशी सकाळी शाळा भरण्याच्या वेळी, त्याच दिवशी रात्री आठनंतर, पावसाळ्यातील रविवारी दुपारी, आणि मंगळवार-बुधवारसारख्या साध्या दिवशी सायंकाळी. पहिल्या फेरीत रहदारी समजते, दुसरीत उजेड व सोबत, तिसरीत पाणी व पर्यटकांची गर्दी, आणि चौथीत वस्तीत खरोखर किती माणसे राहतात ते कळते.

सोबत घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीला न्यावे. प्रौढ माणूस दहा मिनिटांत सुमारे ७०० मीटर चालतो. वृद्ध व्यक्ती ५०० मीटरच्या आत थांबेल. जाहिरातीतील "स्थानकापासून पाच मिनिटे" हे अंतर मोटारीने की पायी, याचा उलगडा अशा फेरीत आपोआप होतो. वाटेत भेटणाऱ्या दुकानदारास, दूधवाल्यास आणि शाळेच्या शिपायास दोन प्रश्न विचारावेत : मागील पावसाळ्यात पाणी कोठवर आले होते, आणि मुले एकटी शाळेत जातात काय? मुले आपली आपण शाळेत जाताना दिसत असतील, तर त्या वस्तीबद्दल याहून बोलके प्रमाणपत्र दुसरे नाही.

कागदपत्रांतून दिसणारी वाट

इमारतीच्या कागदपत्रांबरोबरच वाटेचीही कागदपत्रे पाहावीत. ५०० चौरस मीटरहून अधिक भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे बंधनकारक आहे. नोंदणीतील मंजूर नकाशे कोणासही पाहता येतात. संकुलाकडे येणारा रस्ता सार्वजनिक आहे की खाजगी जमिनीतील वहिवाटीची वाट आहे, विकास आराखड्यात शेजारी मोठा रस्ता, शाळा, उद्यान की गोदामे प्रस्तावित आहेत, आणि इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, या तीन गोष्टी नगरपरिषद, नगरपंचायत अथवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्या कार्यालयातून समजू शकतात. आज शांत असलेली गल्ली आराखड्यात रुंद मार्ग म्हणून दाखविली असेल, तर उद्या ती तशी राहणार नाही.

पदपथ हा हक्क

चांगली वस्ती निवडता येते, तशी ती घडविताही येते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागातील पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. दोन माणसे शेजारून, किंवा एक चाकाची खुर्ची सहज जावी, असा यामागील विचार आहे. विजेचा खांब, रोहित्र, दुकानाची पाटी आणि उभी केलेली दुचाकी यांनी ही रुंदी व्यापली, तर पदपथ केवळ कागदावर उरतो. पदपथाचा वापर हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले; २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस तेथे पादचारी दिन म्हणून पाळला जातो आणि लक्ष्मी रस्त्यासारखा गजबजलेला मार्ग त्या निमित्ताने वाहनांना बंद ठेवून पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात येतो.

मावळातील नगरे पुण्याच्या मानाने लहान आहेत, आणि हीच त्यांची जमेची बाजू आहे. शाळेसमोर झेब्रा पट्टे व गतिरोधक, भुयारी वाटेत दिवा व पाण्याचा निचरा, गटारांवर धड फरशी आणि स्थानकापासून बाजारापर्यंत अखंड पदपथ, ही कामे मोठ्या निधीची नाहीत. ती नेमक्या मागणीची आणि पाठपुराव्याची आहेत. गृहनिर्माण संस्थांनी आपल्या प्रवेशद्वारापुरते न पाहता पुढच्या चौकापर्यंतच्या वाटेचा आग्रह धरला, नगरपरिषदेकडे व नगरपंचायतीकडे लेखी निवेदने दिली आणि नव्या बांधकामांना परवानगी देताना पदपथांची अट पाळली जाईल याकडे लक्ष ठेवले, तर बदल घडू शकतो.

घराचे क्षेत्रफळ नंतर वाढविता येत नाही असे म्हणतात. परंतु चुकीच्या जागी घेतलेल्या घराचे अंतरही नंतर कमी करता येत नाही. म्हणून बयाणा देण्यापूर्वी सर्व कुटुंबाने मिळून शाळेपर्यंत, बाजारापर्यंत आणि स्थानकापर्यंत एकदा चालत जावे. ज्या वाटेने आजी एकटी भाजी घेऊन परत येऊ शकते आणि नात एकटी शाळेत जाऊ शकते, त्या वाटेवरचे घर, चार चौरस फूट लहान असले तरी, निःशंकपणे पसंत करावे.